एकतिसावी पिशवी

"माह्या झाडाले नंबर नाई देत का वो म्याडम?"

गिरजाकाकूंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांचाच चहा पीत होते, त्यामुळे नाही म्हणणं जरा जिवावर आलं. झाड समोरच होतं. मोरीच्या तोंडाशी, रस्त्याच्या ऐन वळणावर उभं असलेलं संत्र्याचं एकुलतं एक झाड. त्याच्या बुडाशी आंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं पाणी बारा महिने साचलेलं. काकूंना बाग नव्हती. संत्र्याच्या बागांनी वेढलेल्या त्या बोरडोह गावात बाग नसलेलं ते एकच घर असावं.

"काकू, माझ्याकडे पिशव्या तीसच आहेत," मी म्हणाले. "आणि त्या बागांमधल्या जुन्या झाडांना द्यायच्यात."

"हेबी जुनंच हाय. लग्न होऊन आली त्या साली संत्र खाल्लं अन् बिया मोरीत थुकल्या. त्यातलं हे एक वाचलं. चाळीस वर्स झाले."

"मला साठ वर्षांच्या पुढची झाडं हवीत."

"मंग राहू द्या," काकू कप उचलत म्हणाल्या. "वीस वर्सांनं या."

एकोणीसशे नव्याण्णवची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते, पीएच.डी.चं चौथं वर्ष चालू होतं आणि शिष्यवृत्तीचे पाच महिने उरले होते. प्रबंधाचं नाव दोन ओळींचं होतं, पण मतलब साधा होता. वरूडपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जी संत्र्याची झाडं आहेत, ती सगळी एकाच वाणाची की त्यांत कुठे एखादं खरोखर वेगळं झाड शिल्लक आहे, हे डीएनएच्या खुणांवरून शोधायचं. कारण होतं डिंक्या. जरा पाणी साचलं की खोडातून डिंक गळायला लागतो, मुळं कुजतात आणि बागच्या बाग बसते. सगळी झाडं एकसारखी असतील तर एकच रोग सगळ्यांना पुरे. म्हणून वेगळं झाड हवं होतं, आणि ते मिळालं तर बियांपासून आलेल्या जुन्या झाडांतच मिळणार होतं. तिथेही गोम अशी की संत्र्याच्या बीतून बहुतेक वेळा आईचीच हुबेहूब नक्कल उगवते. शेकड्यात एखादंच पोर बापावर जातं. ते पोर मला पाच महिन्यांत शोधायचं होतं, नाहीतर चार वर्षं पाण्यात आणि मी कोल्हापुरात, वडिलांनी बघून ठेवलेल्या स्थळासमोर पोह्यांची बशी घेऊन.

आमचे मार्गदर्शक डॉ. दाबके. मोठा अभ्यासू माणूस. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "झाडाकडे बघून काही कळत नाही, जेलकडे बघून कळतं." जेल म्हणजे प्रयोगशाळेतली ती खरवसाच्या वडीसारखी थरथरती लादी. तिच्यात डीएनए सोडला, वीज दिली आणि खास दिव्याखाली धरली की पट्ट्या दिसतात. पट्ट्या जुळल्या तर झाड तेच, नाही जुळल्या तर वेगळं. सरांचं हे वाक्य मी इतकं मनावर घेतलं होतं की तोवरच्या चार वर्षांत मी संत्र्याच्या झाडाखाली म्हणून उभी राहिले नव्हते.

तर जानेवारीत मी बोरडोहला गेले, तीस घरांतली तीस जुनी झाडं निवडली आणि तारेनं त्यांना अॅल्युमिनियमच्या नंबरपट्ट्या बांधल्या. पानं मात्र लगेच नेता येईनात. मला हवी होती कोवळी पालवी, आणि बागा ताणावर होत्या. बहार चांगला धरावा म्हणून त्या दिवसांत महिना-दीड महिना झाडांचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, गळतात. मग पाणी दिलं की पालवी आणि फूल एकदमच फुटतं. सरपंच देविदासभाऊ कुकडे म्हणाले, "तुम्ही पाच फेब्रुवारीले या. पानं तयार भेटतीन. ज्याच्या त्याच्या झाडाची पानं जो तो घेऊन येईन, तुमाले रानोमाळ हिंडाचं काम नाई." मी प्रत्येकाला नंबर घातलेली एकेक पिशवी दिली आणि बजावलं, "पट्टी बांधलेल्या झाडाचीच, बरं का. दुसऱ्या कुठल्या नाही."

"हौ ना," तीस जण म्हणाले.

पाच तारखेला मी बर्फाचा डबा घेऊन ग्रामपंचायतीत बसले आणि सकाळी दहा ते दुपारी दोन, मोजून तीस पिशव्या आल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. पानं अशी कोवळी, तुकतुकीत, की मला गहिवरून आलं. प्रत्येक जण पिशवी ठेवायचा, आजूबाजूला बघायचा आणि मी न विचारताच सांगायचा, "माह्याच झाडाची हायेत म्याडम. सोता तोडली." सोळा नंबरवाल्या पुंडलिकराव खेरड्यांनी तर मारुतीची शपथ घेतली. चोराच्या मनात चांदणं असतं हे मला माहीत होतं, पण इतक्या चोरांच्या मनात एकदम चांदणं पडेल असं कुणाला वाटणार? मला वाटलं, काय सरळ माणसं आहेत.

डबा जीपमध्ये टाकून मी तशीच परत फिरले. बागेत पाऊल टाकलं नाही. टाकायचं कारणही नव्हतं.

मार्चच्या मध्यावर पहिली जेल निघाली. तीस रांगा. एकतिसाव्या रांगेत तुलनेसाठी आमच्या संस्थेच्या बागेतलं नेहमीचं नागपुरी संत्रं. दिव्याखाली लादी धरली आणि मी रांगा पुन्हा मोजल्या. तिसांच्या तीस रांगा एकसारख्या, एका पट्टीचा फरक नाही. आणि एकतिसावी वेगळी. बोरडोहच्या झाडांना दोन पट्ट्या जास्त होत्या, ज्या नागपुरी संत्र्याला नव्हत्या.

मी दुसऱ्या खुणा लावून पाहिल्या, तिसऱ्या लावल्या. तेच.

सर लादीवर वाकले. मग चष्मा काढून म्हणाले, "हेमांगी, तुला कळतंय का हे काय आहे? सगळी झाडं एकमेकांसारखी, आणि सगळी जगापेक्षा वेगळी. म्हणजे शे-दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी एकच वेगळं झाड या गावात आणलं, आणि त्याच्या बियांवर अख्खं गाव उभं राहिलं. ही नवी जात आहे."

"सर, पण एकही अपवाद नाही? तिसातलं एकही झाड जरासुद्धा..."

"बीतून आईची नक्कल येते. तूच लिहिलंयस दुसऱ्या प्रकरणात."

लिहिलं होतं खरं. आणि खोटं कशाला बोलू, मला शंका नकोच होती. मला पीएच.डी. हवी होती.

पुढे सगळं भराभर झालं. सर कुलगुरूंना भेटले. कुलगुरू मूळचे कुक्कुटपालनाचे. त्यांना संत्र्यात फार गती नव्हती, पण समारंभात होती. बारा एप्रिलला बोरडोहला जाऊन नव्या वाणाची घोषणा करायची ठरली. वाणाचं नाव 'बोरडोह विश्वनाथ'. विश्वनाथ हे सरांच्या वडिलांचं नाव.

व्यवस्था बघायला मी आदल्या दिवशी दुपारी गावात पोचले. मारुतीच्या पारासमोर मांडव पडला होता. 'नव्या संत्र्याचं गाव' अशी पाटी रंगवून, तिच्यावर लाल कापड टाकून ती उद्घाटनासाठी तयार ठेवली होती. आणि गाव मात्र गप्प होतं. म्हणजे कामं चालली होती, पण ज्यांच्या बागा गाजणार ते तीसही जण एकमेकांची नजर चुकवत होते. मी देविदासभाऊंना म्हटलं, "अभिनंदन भाऊ, तुमचं सात नंबरचं झाड."

"हौ," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "बाकीच्यायचं तं गजबच निंगालं म्हना. सगळ्यायचं येकसारखं. मले वाटलं नव्हतं बाप्पा." मग घाईघाईनं, "उद्या येक काम हाय. सायबाची गाडी त्या गिरजाकाकूच्या मोरीपाशी वयत नाई. ते झाड तोडा लागते. ठराव झाला."

"कुठलं झाड?"

"तेच वो, मोरीवरचं. काकूले काई त्याचं खास नाई. अन् आता का, गावात तीस झाडं हायेत तशीच. येक गेलं तं गेलं."

मला वाईट वाटलं, पण जरासंच. नंबर नसलेलं झाड होतं ते. तरी चाळीस वर्षांचं झाड जाणार म्हणून काकूंना भेटायला मी गेले.

काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. "या," म्हणाल्या. "पिशवी आनली का?"

मी ओशाळून हसले आणि बसायला वळले, तेव्हा ते झाड मी पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं म्हणजे बघण्यासारखं बघितलं. फेब्रुवारीत फुललेल्या आंबिया बहाराची फळं सुपारीएवढी झाली होती. झाड वर नुसतं लदबदलं होतं. खाली मात्र एक फळ नव्हतं. हात उंचावला की जिथवर पोचेल, तिथवर चहूबाजूंनी झाड मोकळं. प्रत्येक डहाळीचा शेंडा खुडलेला. कुणी वस्तरा घेऊन झाडाची अर्धी हजामत करावी तसं. संत्र्याला फूल नव्या पालवीवर येतं. पालवी खुडली की फूल गेलं, फूल गेलं की फळ गेलं. एवढं मलाही पुस्तकातून ठाऊक होतं.

"काकू, हे शेंडे कुणी खुडले?"

"कोनी नाई."

"फेब्रुवारीत?"

काकू तांदळातला खडा शोधत राहिल्या.

मी आठवू लागले. त्या साली थंडी लांबली होती. ताण सोडला तरी बागा फुटायला पंधरा दिवस उशीर झाला होता, हे मला नंतर कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितलंही होतं, आणि मी ते कानाआड केलं होतं. मग पाच तारखेला तिसांच्या तीस पिशव्यांत कोवळी पालवी आली कुठून? सगळ्या गावात पाच फेब्रुवारीला फुटलेलं एकच झाड असू शकत होतं. ज्याला कधी ताण बसलाच नाही ते. ज्याच्या बुडाशी बारा महिने मोरीचं पाणी होतं ते.

"किती जण आले होते?"

"बाई, तू लेकीसारखी हायस म्हनून सांगतो," काकू तांदळाचं सूप खाली ठेवत म्हणाल्या. "मानूस दारी येते. पाहुनी येऊन राह्यली, ती रिकाम्या हातानं कशी जाईन, असं त्याच्या मनाले लागते. थो मंग काई ना काई कारन सांगते. कोनाच्या घरी खोकला असते, कोनाचं वासरू आजारी असते, कोनाच्या नातवाले आंघोळीच्या पान्यात टाकाले पानं लागते. आपुन का विचारा? अन् जाता जाता म्हनते, काकू, कोनाले सांगू नोका. मी हौ म्हनलं. येकदा शब्द देल्ला का देल्ला. मंग तू विचार नायतं तहसीलदार विचारो."

"तीस जणांना शब्द दिलात?"

"मी मोजत नसतो."

आता सगळं लख्ख दिसत होतं. तिसांतल्या प्रत्येकाला वाटत होतं, ही लबाडी आपण एकट्यानंच केली. बाकी एकोणतीस जणांनी इमानदारीनं आपापली पानं दिली. मग रिपोर्ट आला, सगळी एकसारखी. प्रत्येकाच्या मनात तेच आलं असणार, की अरे, म्हणजे गावातली बाकी सगळी झाडं खरंच काकूच्या झाडासारखी आहेत, फक्त माझंच काय आहे देव जाणे. आणि म्हणून काकूंचं झाड तोडायला कुणाचीच ना नव्हती. एक गेलं तर एकोणतीस होतीच की.

आणि एकही नव्हतं. जगापेक्षा वेगळं झाड एकच होतं आणि ते माझ्यापुढे, गुडघाभर चिखलात, चाळीस वर्षं पाण्यात पाय सोडून उभं होतं. मी खाली वाकून बुंधा पाहिला. डिंकाचा एक थेंब नव्हता. ज्याच्यासाठी मी चार वर्षं घातली, ते झाड नव्या वाणाच्या घोषणेसाठी येणाऱ्या गाडीला आडवं येतं म्हणून उद्या तोडलं जाणार होतं.

"काकू, तुम्ही सरपंचांना सांगा."

"शब्द देल्ला बाई."

"झाड जाईल तुमचं."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला, पण आवाज हलू दिला नाही. "जाईन. पन मंग ह्या गावात कोनाले तोंड दाखवू मी? तीस घरं हायेत. मले उरलेले दिवस काढा लागते त्यायच्यात."

चूक जाहीर करणं मी टाळू शकले असते. खरंच सांगते, त्या दुपारी मी ते मनात शंभर वेळा टाळून पाहिलं. गुपचूप चार डोळे, म्हणजे कलमासाठी फांदीवरचे कोंब, काढून न्यावेत, संस्थेत कलमं बांधावीत, प्रबंध सादर करावा, मग केव्हातरी सावकाश चूक 'सापडावी'. पण एप्रिलच्या उन्हात काढलेले डोळे जगतील याची खात्री कोण देणार, आणि चार डोळे जगवून चाळीस वर्षांचं झाड मारलं असं म्हणताना मी स्वतःकडे कशी बघणार, हे काही मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता देविदासभाऊ, पुंडलिकराव आणि बाकीची मंडळी कुऱ्हाड घेऊन मोरीपाशी आली. मी बुंध्याला पाठ लावून उभी होते. चपला चिखलात रुतल्या होत्या.

"म्याडम, बाजूले व्हा, लागन," देविदासभाऊ म्हणाले.

"भाऊ, तुमच्या सात नंबरच्या पिशवीत कुठल्या झाडाची पानं होती?"

"माह्याच झाडाची."

"पुंडलिकराव, तुमच्या?"

"मारुतीची आन हाय म्याडम."

मी एकेकाला विचारलं. तीसही जण म्हणाले, माह्याच. कुणी झाडाकडे बघितलं नाही. तेवढ्यात बँड वाजायला लागला आणि वळणावर कुलगुरूंची गाडी येऊन थांबली, कारण ती खरोखरच वळत नव्हती. मागच्या सीटवर दाबके सर. हातात भाषणाचा कागद.

मग मी मोठ्यानं सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणाले, "तिसांच्या तीस पिशव्यांत ह्याच झाडाची पानं होती. दोष गाववाल्यांचा नाही, माझा आहे. मी झाडाजवळ न जाता पंचायतीत बसून पानं गोळा केली. गावात नवी जात नाही. नवं झाड एकच आहे, आणि त्याच्यावर तुम्ही कुऱ्हाड घेऊन आला आहात. माझा प्रबंध चुकला."

बँड थांबला. सर गाडीतून उतरले. "हेमांगी, आपण काय बोलतोय हे कळतंय ना?"

"कळतंय सर."

"पुरावा?"

"वर बघा. हात पोचतो तिथवर एक फळ नाही."

सर वर बघत राहिले. मला वाटतं, त्यांनीही झाडाकडे नीट असं त्या दिवशीच पाहिलं. पण त्यांच्यापेक्षा मी त्या तीस जणांकडे बघत होते. प्रत्येकाची नजर हळूहळू शेजाऱ्याकडे वळत होती. पुंडलिकराव देविदासभाऊंकडे बघत होते, देविदासभाऊ पुंडलिकरावांकडे. दोन महिने जो दगड एकेकाच्या छातीवर होता, तो सगळ्यांच्याच छातीवर आहे हे त्यांना एकाच वेळी कळत होतं. तरी एक जण बोलला नाही.

कुलगुरूंना उशीर होत होता. "मग हे झाड तोडायचंय की नाही?" त्यांनी विचारलं.

"तोडतो ना साहेब," देविदासभाऊ म्हणाले. "ठरावच हाय." आणि त्यांनी कुऱ्हाड पुंडलिकरावांकडे दिली. "घ्या बर."

पुंडलिकरावांनी ती हातात तोलली. "दांडा ढिला वाटते," म्हणाले आणि पुढे सरकवली. पुढच्याचा खांदा दुखत होता. त्याच्या पुढच्याला नवस होता, वर्षभर हिरव्या झाडाला लोखंड न लावण्याचा. एकाची सून पोटुशी होती. एकाला त्या वेळी नेमकं आठवलं की आज वार बरोबर नाही. ती कुऱ्हाड त्या दिवशी तीस हातांतून फिरली. प्रत्येकानं ती मानानं घेतली आणि मानानं पुढं दिली, आणि शेवटी ती परत देविदासभाऊंकडे आली. त्यांनी ती गिरजाकाकूंच्या भिंतीला टेकवून ठेवली.

"साहेब, पायी या," ते कुलगुरूंना म्हणाले. "मांडव इथंच हाय, पन्नास पावलं."

कुलगुरू पायी गेले. समारंभ झाला. घोषणा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी कोंबड्यांवर पाऊण तास भाषण केलं आणि ते फार रंगलं. पाटीवरचं लाल कापड कुणी काढलं नाही. पुढे ती पाटी कापडासकट कुणाच्या तरी गोठ्याला दार म्हणून लागली, असं ऐकलं.

माझी शिष्यवृत्ती संपली. मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवलं, आणि पुढच्या हंगामात स्वतः झाडावर चढून पानं तोडली. तीस बागांतली तीस झाडं अस्सल नागपुरी संत्रं निघाली, संस्थेतल्यासारखीच, तसूभर इकडेतिकडे नाही. वेगळं झाड एकच, नंबर एकतीस. पट्टी मी काकूंच्या हातानं बांधून घेतली. चार वर्षांचं काम सहा वर्षांत झालं, आणि वडिलांनी बघितलेल्या स्थळानं वाट बघितली नाही, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

बोरडोहचा रस्ता पुढं सिमेंटचा झाला, तेव्हाही त्यानं मोरीपाशी वळसाच घातला. पंचायतीच्या वहीत कारण लिहिलंय, 'तांत्रिक अडचण'.

त्या गोष्टीला सोळा वर्षं झाल्यावर मी पुन्हा बोरडोहला गेले. आता मी संस्थेत शास्त्रज्ञ होते. मधे दोन पावसाळे फार मोठे झाले होते, डिंक्यानं तालुक्यात हाहाकार माजवला होता, आणि जुन्या तीस झाडांतली किती उरली हे मला पाहायचं होतं. तीसही झाडं जागेवर होती. माझ्या जुन्या पट्ट्या त्यांना बांधलेल्या होत्या. फक्त झाडं मनगटाएवढ्या बुंध्याची होती.

"देविदासभाऊ, हे सात नंबर?"

"हौ म्याडम. तेच."

"साठ वर्षांचं?"

"आता शहात्तर झालं," भाऊ शांतपणे म्हणाले. "वाढ कमी हाय त्याची."

पुंडलिकरावांनी मारुतीची शपथ घेतली.

पानं मी स्वतः तोडली, प्रत्येक झाडाखाली उभी राहून. प्रयोगशाळेत जेल मांडली आणि दिव्याखाली धरली. तीस रांगा, एकसारख्या. दोन पट्ट्या जास्त. मी कपाटातून नव्याण्णव सालचा फोटो काढून शेजारी ठेवला, आणि कुठला नवा आणि कुठला जुना ते मला सांगता येईना. सोळा वर्षांपूर्वीचा माझा चुकलेला रिपोर्ट शब्दशः खरा झाला होता. खोटं बोललेल्या तीस जणांनी, मान्य न करता, एकेकट्यानं आणि बाकीच्यांना न सांगता, काकूंच्या झाडाची कलमं लावून आपला शब्द झाडात उतरवला होता.

पुढच्याच आठवड्यात मी गिरजाकाकूंकडे गेले. पंच्याहत्तरी ओलांडली होती. ओसरीवर तशाच बसल्या होत्या, दिसत कमी होतं, ओळख आवाजावरून पटली. झाड समोर होतं, पाय मोरीत सोडून. वर फळांनी वाकलेलं. खाली, हात पोचेल तिथवर, डहाळ्या कापल्याच्या जुन्या खुणा.

"काकू, डोळे कोणी कोणी नेले?"

"कोनी नाई नेले," काकू म्हणाल्या. "बस. च्या ठेवतो."